नाताळ २५ तारखेला सुरू होतो, संपत नाही

दरवर्षी डिसेंबरात चर्चमध्ये एक प्रवचन ठरलेलंच असतं, नाताळ म्हणजे खरेदी नव्हे, नाताळ म्हणजे प्रभूचा जन्म. आपण सगळे मान डोलावतो, आमेन म्हणतो, आणि उपासना संपून बाहेर पडलो की पायरीवरच कुणीतरी विचारतं, काय मग, झाली का शॉपिंग? मीही विचारलंय, खोटं कशाला बोलू. प्रवचन पटत नाही असं नाही, पण सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय हे त्यात कधीच नसतं. म्हणून हे लिहितेय. आमच्या घरात सात-आठ वर्षं धडपडून जे टिकलं ते सांगते, फसलं तेही सांगते.

आधी फसलेलं. एका वर्षी मी एकदम टोकाला गेले. फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला की यंदा आमच्याकडे गिफ्ट बंद, आपण फक्त प्रभूला आठवू, खाली वचनही जोडलं, चार जणांनी हात जोडल्याचा इमोजी टाकला, मला वाटलं झालं काम. २५ला जाऊबाई दोन मोठ्या पिशव्या घेऊन आल्या. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेलं एकेक पाकीट, माझ्या नावाचंसुद्धा. आमच्याकडे द्यायला काहीच नाही. मी म्हटलं, अहो ताई, मेसेज वाचला नाहीत का? तर त्या म्हणाल्या, अगं वाचला की, पण मुलांना कसं नाही आणायचं? आणि माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, हातातलं पाकीट उघडू की नको म्हणून माझ्या तोंडाकडे बघत उभी. त्या दिवशी घरात संध्याकाळपर्यंत एकच विषय चालला, गिफ्ट. जे हद्दपार करायला निघाले तेच पाहुणं होऊन मधोमध बसलं.

बंदी घालून हे जमत नाही हे माझ्याआधी मोठमोठ्यांना कळलंय. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७मध्ये नाताळच बंद करून टाकला होता, प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट लोकांना त्यातली खादाडी आणि धिंगाणा बघवत नव्हता. तिकडे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळताना कुणी सापडलं तर पाच शिलिंग दंड होता. दोन्हीकडे नाताळ परत आलाच. मग माझा फॅमिली ग्रुपवरचा मेसेज कुठे टिकणार.

आधी कॅलेंडर सरळ करा

पुढच्या वर्षी एक गोष्ट लक्षात आली आणि ती कळल्यावर बाकीचं बरंचसं आपोआप सुटत गेलं. चर्चच्या कॅलेंडरप्रमाणे नाताळ २४च्या संध्याकाळी सुरू होतो आणि पुढे बारा दिवस चालतो, ५ जानेवारीपर्यंत, आणि ६ला एपिफनी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळाच्या दर्शनाला आले तो सण. त्याच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. तो सणाचा काळ नाहीच, तो वाट बघण्याचा आणि स्वतःला तपासण्याचा काळ, म्हणून तर पुष्कळ चर्चमध्ये वेदीवर जांभळं वस्त्र असतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींमध्ये तर १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचा उपास असतो. आणि दुकानांचं कॅलेंडर बरोबर उलटं. नोव्हेंबरातच सण चालू, गाणी चालू, लाइटिंग चालू, २५च्या रात्री सगळं खल्लास, आणि २६ला उरलेल्या मालाचा सेल. आपण प्रार्थना चर्चच्या कॅलेंडरने करतो आणि महिना काढतो दुकानाच्या कॅलेंडरने, त्यामुळे २५ उजाडेपर्यंत आपण दमलेलो असतो, मुलं कंटाळलेली असतात, आणि ज्या दिवशी आनंद करायचा त्याच दिवशी, चला झालं एकदाचं, असं वाटतं.

म्हणून पहिलं काम, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने खुणा करा. आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार, तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यात कधीतरी येतो. तिथून चार रविवारांना गोल करा. मग ६ डिसेंबर, २४, २५ आणि ६ जानेवारी. आता घरातल्या गोष्टी एकेक करून आपापल्या जागी सरकवा. खरेदी पहिल्या रविवारच्या आत. हो, नोव्हेंबरातच. ऐकायला विचित्र वाटतं, की खरेदी कमी करा म्हणतेय आणि लवकर करा पण म्हणतेय, पण करून बघा, डिसेंबरात दुकानात पाय ठेवायची गरजच उरली नाही की डोक्यातली निम्मी गर्दी जाते. नाहीच जमलं तर दुसऱ्या रविवारपर्यंत, त्यापुढे नाही. डेकोरेशन एकदम न लावता आठवड्याला थोडं थोडं, आणि झाडावरचे दिवे २४च्या संध्याकाळी. मुलं कुरकुर करतात, करू द्या. पार्ट्या, गेट-टुगेदर, भेटीगाठी जमेल तेवढ्या २५च्या पुढे ढकला. ऑफिसची पार्टी आपल्या हातात नसते, तिथे जाऊन या, हसून खेळून या, त्यावरून कुणाला उपदेश करत बसू नका.

रोज एक अध्याय, यालाच सगळ्यात जास्त जागा

एवढी एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात अध्याय बरोब्बर चोवीस आहेत. १ डिसेंबरला पहिला, २४ला चोविसावा. पुष्कळ घरांत हे करतात, मला मात्र फार उशिरा कळलं. रात्री जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी, कारण एकदा माणसं टेबलावरून उठली की परत जमत नाहीत, हा अनुभव आहे. फोन दुसऱ्या खोलीत. एक जण वाचेल, बाकीचे ऐकतील, नंतर प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, काय लक्षात राहिलं. भाषण नको.

गंमत बघा, तारखा कशा जुळतात. १०ला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येते, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी कामात बुडालेली मार्था. १२ तारखेला, जेव्हा फोनवर दर पंधरा मिनिटांनी ऑफरचं नोटिफिकेशन वाजतंय, तेव्हा पानावर तो श्रीमंत माणूस येतो ज्याचं पीक कोठारात मावेना म्हणून तो कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. पहिल्या वर्षी हे वाचून झालं आणि आमचा मुलगा सरळ कपाटाकडे बघायला लागला, ज्यात मी आणून लपवलेले खोके होते आणि दार लागत नव्हतं. कुणी काही बोललं नाही. मी त्या रात्री दोन खोके परत करायला बाजूला काढले. १५ला उधळ्या पुत्र, १६ला दारात पडलेला लाजर, १९ला जक्कय, जो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणतो, आणि २१ला ती विधवा जी दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकते. खरेदीवरचं प्रवचन मला द्यावंच लागत नाही, लूक रोज देतो, आणि मुलं त्याच्यावर चिडत नाहीत.

दोन अडचणी येतात. पहिला अध्याय ऐंशी वचनांचा आहे, लहान मुलं निम्म्यात झोपतात. लहान मुलं असतील तर त्यातला एकच प्रसंग घ्या, जखऱ्या मुका होतो तो किंवा गॅब्रिएल देवदूत मरीयेकडे येतो तो, बाकीचं मोठ्यांनी नंतर वाचायचं. पण मरीयेचं स्तोत्र सोडू नका, पहिल्या अध्यायात ४६ ते ५५. भुकेल्यांना तो भरभरून देतो आणि धनवानांना रिकाम्या हाताने पाठवतो असं एक गरीब घरची पोर म्हणतेय, पोटात बाळ असताना. ग्रीटिंग कार्डावरची मरीया ती ही नव्हे. दुसरी अडचण अशी की जन्म दुसऱ्याच दिवशी होऊन जातो आणि २३ला क्रूसखांब येतो, लोक म्हणतात ऐन नाताळात हे कशाला. मला तर हेच आवडतं. गव्हाणीतलं बाळ पुढे कुठे गेलं हे माहीत असलं की २४च्या रात्री तोच दुसरा अध्याय, पहिली वीस वचनं, परत मोठ्याने वाचताना आवाज वेगळा लागतो. माझा तरी लागतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय वाचू नका, चुकलेला सोडून द्या. बॅकलॉग साठला की चौथ्या दिवशी सगळंच बंद पडतं.

गोठा रिकामा ठेवा

गोठ्याचा देखावा आपण सगळेच करतो, पण करतो कसा, तर खोका उघडून मरीया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, उंट, बाळ, सगळे एका संध्याकाळी एकत्र, ग्रुप फोटो असल्यासारखे. त्याऐवजी हळूहळू मांडा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी जो गोठा उभा केला त्यात गवत होतं, खरा बैल होता, खरं गाढव होतं, लोकांना ते बाळ किती हालात जन्मलं हे डोळ्यांनी दिसावं एवढाच त्याचा हेतू. आपणही आधी नुसता गोठा आणि रिकामी गव्हाणी ठेवायची. मरीया-योसेफ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रोज थोडे पुढे सरकवायचे, मुलांना हे काम प्रचंड आवडतं. मेंढपाळ २४च्या रात्री, बाळ २४च्या उपासनेहून आल्यावर. आणि ते ज्ञानी लोक तर पार दुसऱ्या खोलीतून निघतात आणि ६ जानेवारीला पोचतात. मत्तयाने ते तीन होते असं कुठेही लिहिलेलं नाही बरं का, भेटी तीन होत्या, सोनं, ऊद, गंधरस, आणि ते आले ते घरात, गोठ्यात नाही. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांना मत्तय २ वाचून शोधू द्या, मग ती संडेस्कूलच्या टीचरला गाठून विचारतात, मजा येते.

आमच्याकडे बाळ लपवायचं काम मुलीकडे असतं. एका वर्षी तिने ते इतकं नीट लपवलं की २४च्या रात्री तिलाच आठवेना. रात्री अकराला सगळं घर टॉर्च घेऊन बाळ येशूला शोधतंय, शेवटी माझ्या हिवाळी मोज्यात सापडलं. गव्हाणीची याहून चांगली तयारी आम्ही पुन्हा कधी केली नाही.

गव्हाणीत काडी टाकायची पद्धतही काही घरांत असते, म्हणजे कुणासाठी काही चांगलं केलं की एक काडी गवत, बाळाचं अंथरूण मऊ व्हावं म्हणून. आम्ही केलं, तर चौथ्याच दिवशी, मी सात टाकल्या तू पाचच, अशी भांडणं सुरू. मग नियम केला, काडी टाकताना कुणी बघायचं नाही आणि मोजायचं नाही. त्यानंतर एकदा गव्हाणी रातोरात काठोकाठ भरली, कुणी भरली ते अजून कबूल केलेलं नाही, मला नवऱ्यावर संशय आहे.

मेणबत्त्यांचं थोडक्यात सांगते. चार रविवारांच्या चार, दर रविवारी एक जास्त पेटवायची. ही पद्धत फार जुनी नाही, जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून १८३९मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची छोटी, रविवारची मोठी. म्हणजे मुळात हे दिवस मोजायचं साधन. त्यासाठी महागडा रेडीमेड सेट मागवायची गरज नाही, चार वाट्यांत चार मेणबत्त्या चालतात.

गिफ्ट आणि पैसा

गिफ्ट बंद करू नका, हे मी शिकले. देवाने दिलं म्हणून आपण देतो, देण्यात वाईट काही नाही. मोठ्या माणसांमध्ये चिठ्ठ्या टाका, एकाने एकालाच द्यायचं. हे ऑक्टोबरातच ठरवा आणि फोन करून ठरवा, ग्रुपवर मेसेज टाकून नाही, माझं बघितलंत ना काय झालं. जाऊबाईंना मी फोन केला तेव्हा त्याच म्हणाल्या, बरं झालं बाई, मला पण झेपत नव्हतं. इतकी वर्षं दोघी एकमेकींसाठी ओढत होतो.

मुलांची गिफ्ट ६ डिसेंबरला हलवून बघा. तो संत निकोलसचा दिवस. सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तो हा, चौथ्या शतकात मायरा गावचा बिशप, आजच्या तुर्कस्तानात. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका गरिबाच्या तीन मुलींच्या लग्नाला पैसे नव्हते तर याने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. मुलांना सांताबद्दल काय सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, मी खरी गोष्ट सांगते आणि त्यांना विचारते, आपण कुणाच्या खिडकीत टाकायचं? एक गिफ्ट मिळतं आणि एक गुपचूप कुणालातरी द्यायचं. असं केलं की २५ची सकाळ मोकळी राहते आणि उपासनेत मुलांचं लक्ष घरातल्या पाकिटात नसतं.

पैशांचं एवढंच करा, खर्चाची लिस्ट लिहिताना पहिली ओळ दान. आधी ते पाकिटात बाजूला, उरलेल्यात सण. शेवटी उरेल ते देऊ म्हटलं की काही उरत नाही, आपल्याला माहितीये. किती ते मी सांगणार नाही, पण दानाची ओळ गिफ्टच्या ओळीपेक्षा बारीक दिसत असेल तर परत एकदा बघा. ऑनलाइन काही आवडलं तर कार्टमध्ये टाकून तीन दिवस सोडा, निम्म्या वस्तू आपल्याला आठवतही नाहीत. शॉपिंग अ‍ॅपची नोटिफिकेशन महिनाभर बंद. हप्त्यावर गिफ्ट घ्यायचंच नाही. आणि देताना समोरच्याला काय हवंय ते विचारा. तुटकी खेळणी आणि विटके कपडे देऊन आपण आपलं कपाट मोकळं करतो, दान त्याला म्हणायचं नाही. फोटो तर अजिबात काढू नका, डाव्या हाताला कळू देऊ नका असं प्रभूने सांगितलंय, इथे आपण डावा हात, उजवा हात आणि सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट.

मरीया-योसेफने बाळाला मंदिरात नेलं तेव्हा अर्पण काय केलं ते लूक २:२४मध्ये आहे, होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं. जुन्या करारातलं लेवीय १२:८ उघडून बघा, ज्याला कोकरू परवडत नाही त्याने हे द्यायचं असा नियम. मी हे पहिल्यांदा शोधलं तेव्हा शॉपिंग लिस्ट हातातच होती.

किचनमध्ये अडकलेल्या बायका

यावर प्रवचन कधी ऐकलं नाही म्हणून मीच बोलते. खरेदी कमी केली, गिफ्ट कमी केली, पण चौदा प्रकार करायचे आणि घर आरशासारखं चकचकीत ठेवायचं हे तसंच राहिलं तर घरातल्या एका माणसाला नाताळ मिळतच नाही. माझ्या आईने कित्येक वर्षं २४ची उपासना अर्धी सोडली कारण घरी काहीतरी गॅसवर होतं. लोक येऊन खाऊन वा वा करून जायचे. दिखावा फक्त दुकानातून येतो असं नाही, डायनिंग टेबलावरूनही येतो. म्हणून आमचा नियम, २४ला दुपारी चारनंतर घरात कुठलंही काम निघणार नाही. जे झालं ते झालं, पडदे धुवायचे राहिले तर राहिले. पदार्थांची संख्या आधी ठरवायची आणि कामं कागदावर नावानिशी वाटायची, नवरा, मुलगा, पाहुणे, सगळ्यांना. पहिल्या वर्षी सासूबाईंना हे आवडलं नाही, पण त्या रात्री त्या पहिल्या बाकावर बसून शेवटच्या गीतापर्यंत गायल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, सगळं गीत मला पाठ होतं गं.

२६ला आवरायला घेऊ नका

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी केलं जाणारं हेच. बारा दिवस आहेत, वापरा. २६ला संत स्तेफनाचा दिवस, पहिला रक्तसाक्षी, २८ला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बाळांचा. बेथलेहेमच्या गोष्टीत रडणाऱ्या आया पण आहेत. म्हणूनच ज्यांच्या घरी त्या वर्षी कुणी गेलंय, जे एकटे आहेत, ज्यांची मुलं यायची म्हणाली आणि आली नाहीत, त्यांच्याकडे २६ ते ५च्या मधे जा. २५ला सगळेच जातात, २७ला कुणी जात नाही. हातात काही न्यायलाच हवं असं नाही, तासभर बसा, जमलं तर एक गीत म्हणा. आमच्या ओळखीचे एक आजोबा दरवर्षी २७ला दुपारी दार नुसतं लोटून ठेवतात, आणि आम्ही जाऊन बसलो की म्हणतात, मला काही माहीत नव्हतं तुम्ही येणार.

दिवे ६ जानेवारीपर्यंत ठेवा, शेजारी विचारतील अजून काढलं नाही का, सांगा नाताळ चालू आहे. ६ला ज्ञानी लोक गव्हाणीपाशी पोचवा, मत्तय २:१–१२ वाचा आणि मग खोका काढा. भरताना सगळ्यात वर एक कागद ठेवा, त्यावर यंदा काय जास्त झालं आणि काय राहिलं ते दोन ओळींत, आणि पुढच्या आगमनकाळाची तारीख. २०२६ला पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. आमच्या कागदावर यंदा मुलाच्या अक्षरात लिहिलेलं आहे, बाळ मोज्यात नाही, यावेळी कुठे ते मलाच माहीत.